लाठी कुणावर पडली ते बघून मत ठरतं का?

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे होते: पोलिसांनी हात उचलावा का, आणि यावरनं घराघरात एवढी भांडणं का होतात. त्यातले चार घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, पेठही फक्त जिथं लिहिणाऱ्यानं हरकत नाही म्हटलंय तिथंच.

प्रश्न: ताई, बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या केसमधला आरोपी एन्काउंटरमध्ये मेला तेव्हापासून आमच्या घरात बाबा आणि दादा यांचं धड बोलणं नाही. बाबा म्हणतात असल्या माणसाला कोर्टात कशाला न्यायचा, जागेवर संपवला ते बरं केलं. दादा म्हणतो ही हुकूमशाही आहे, तुम्ही लोक उजवे झालायत म्हणून तुम्हाला गोळी गोड लागते. पण ताई, उसाच्या आंदोलनात आमच्या काकांच्या पाठीवर लाठी बसली तेव्हा सगळ्यात जास्त बाबाच तापले होते, आणि दादाला न आवडणाऱ्या एका मोर्चावर लाठीमार झाला तेव्हा तो "बरं झालं" म्हणाला होता. मग हे विचारसरणीचं भांडण आहे का दुसरंच काही? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंय पण खरं दुखणं तिथंच आहे.

आधी विचारसरणीचं बघू कारण तिचा फरक पडतो, दादा तिथं चुकत नाही. अमेरिकेत १९७२ पासून शिकागो विद्यापीठातली एक संशोधन संस्था जनरल सोशल सर्व्हे नावाची पाहणी करते, त्यात एक प्रश्न वर्षानुवर्षं जवळपास त्याच शब्दांत विचारतात: पोलिसानं एखाद्या मोठ्या पुरुष माणसाला मारलं आणि तुम्हाला ते मान्य होईल असा एखादा प्रसंग तुमच्या डोळ्यापुढं येतो का? स्वतःला कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजवे, म्हणवणारे याला लिबरल, म्हणजे उदारमतवादी, लोकांपेक्षा जास्त प्रमाणात होय म्हणतात, आणि गोरे लोक काळ्यांपेक्षा जास्त. पण त्याच पाहणीत पुढं चार प्रसंग देतात: त्या माणसानं पोलिसाला घाण शिव्या दिल्या, खुनाच्या संशयावरून त्याची चौकशी चाललीय, तो कस्टडीतून पळतोय, तो पोलिसावर मुठी उगारून धावलाय. आता बघा, धावून आलेल्याला मारलं तर जवळपास सगळेच म्हणतात बरोबर केलं, मग ते म्हणणारे कुठल्या का पक्षाचे असेनात, आणि नुसत्या शिव्या दिल्या म्हणून मारावं असं म्हणणारे थोडेच उरतात. म्हणजे प्रसंग नीट सांगितला की माणसं बऱ्यापैकी एका जागी येतात. प्रश्न मोघम ठेवला की मात्र प्रत्येकजण आपल्या मनातलं चित्र त्यात भरतो, ज्यानं आयुष्यात कधी मार खाल्ला नाही त्याच्या डोळ्यापुढं गुंड येतो आणि ज्याच्या गल्लीत दर आठवड्याला गाडी येऊन पोरं उचलून नेते त्याला स्वतःचा भाऊ दिसतो.

याच्याही पुढची गोष्ट २०१२ साली छापून आली. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सोबतच्यांनी लोकांना निदर्शनाचा एक व्हिडिओ दाखवला, पोलीस ते निदर्शन बंद पाडतायत असा, आणि सांगितलं की तुम्ही ज्युरी, म्हणजे खटल्याचा निवाडा करायला बसवलेले साधे नागरिक, आहात असं समजा. व्हिडिओ सगळ्यांना तोच. फक्त निम्म्यांना सांगितलं की हे लोक गर्भपाताच्या क्लिनिकसमोर गर्भपाताच्या विरोधात उभे आहेत, आणि निम्म्यांना सांगितलं की हे सैन्यभरतीच्या केंद्रासमोर समलिंगी सैनिकांना उघडपणे सैन्यात राहू न देणाऱ्या नियमाविरुद्ध उभे आहेत. तर निदर्शक ज्याला आपल्या बाजूचे वाटले त्याला ते शांत उभे असलेले दिसले आणि पोलिसांनी उगाच हुसकावलेले दिसले, आणि जे परक्या बाजूचे वाटले त्यांनी वाट अडवली, धक्काबुक्की केली असं लोकांना खरोखर दिसलं. कुणी खोटं बोलत नव्हतं हो. मत नंतरचं, आधी डोळ्यांना दिसतं तेच वेगळं, आणि हे दोन्ही बाजूंच्या लोकांचं झालं. तुमचे बाबा आणि दादा याच्यात बरोबर बसतात.

आपल्याकडं तर डावं उजवं हे मापच नीट लागत नाही. २०१९ च्या ६ डिसेंबरला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या केसमधले चार आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळ्या घालून मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आणि संसदेत वेगवेगळ्या, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांच्या खासदारांनी बरं झालं म्हटलं. मग सुप्रीम कोर्टानं आयोग नेमला, अध्यक्ष आपल्या महाराष्ट्रातलेच न्यायमूर्ती सिरपूरकर, आणि २०२२ मध्ये त्यांनी अहवाल दिला की पोलिसांची सांगितलेली गोष्ट पटण्यासारखी नाही, त्यांना मारण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, आणि चारातले तिघं वयानं अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी हे वाचलं असेल?

आणि बदलापूरचं तर सगळं आपल्या डोळ्यादेखत झालं. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, आईबाप तक्रार घेऊन गेले तर त्यांना तासन् तास ताटकळत ठेवलं, २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वे रुळावर उतरले, त्यांच्यावर लाठीमार झाला आणि अख्खा महाराष्ट्र पोलिसांवर खवळला. महिना उलटला, २३ सप्टेंबरला आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला आणि ठिकठिकाणी पेढे वाटले. एफआयआर लिहायला ज्यांनी आईबापाला बसवून ठेवलं त्या खात्याचाच जयजयकार, पाच आठवड्यांत. पुढं जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या चौकशीचा अहवाल हायकोर्टासमोर आला आणि त्यात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरले. बाबांना एवढंच विचारा की तो माणूस मेल्यावर त्या शाळेत तक्रार कुणी दाबली, उशीर कुणी केला याचा खटला लोकांच्या लक्षात तरी राहिला का.

बाबांच्या रागाला मी खोटं म्हणणार नाही. देशातल्या कोर्टांत पाच कोटींच्या आसपास केसेस पडून आहेत, मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली, मुलीच्या केसची तारीख घ्यायला आलेली आई पाच वर्षांनी आजी होऊन त्याच बाकावर बसलेली मी बघितलीय. त्या आईला कायद्यावर विश्वास ठेवा म्हणून सांगताना माझीच जीभ अडखळायची. गोळीचं समर्थन लोक करतात ते बऱ्याचदा कोर्टाची वाट बघून थकल्यामुळं करतात, आणि तो थकवा दादालाही समजून घ्यायला पाहिजे, नुसतं फॅसिस्ट म्हणून ताटावरनं उठून गेल्यानं काही होत नाही.

पण माझं मत स्पष्ट आहे आणि ते एका माणसाच्या तळपायांमुळं झालंय. वकिलीची सुरुवातीची वर्षं होती, चोरीच्या संशयावरून धरलेला एक गवंडी, कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभा, सारखा एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत होता, मी म्हटलं बसा तर बसला आणि चप्पल काढली. दोन्ही तळवे टाचेपासून बोटांपर्यंत काळेनिळे, सुजून चपलेच्या पट्ट्याची खूण मांसात रुतलेली. "कबूल झालो बाई," म्हणाला, "कायबी कबूल झालो असतो." पुढं चोर दुसराच निघाला. म्हणून आपल्या कायद्यात पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, इंग्रजांच्या काळापासून चालत नाही, इंग्रजांनासुद्धा कळत होतं की मारून काय बाहेर येतं.

इथं जवळचंच सांगते. नोव्हेंबर २०१७, सांगली. लुटीच्या गुन्ह्यात धरलेला एक तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला, ते करणारे पोलीसच. तेव्हा सांगली पेटून उठली होती, त्यात सगळ्या पक्षांचे लोक होते, कुणी विचारलं नाही की पोरगा कुठल्या बाजूचा. कारण तो आपल्यातला होता. त्याच सांगली जिल्ह्यात २०१२ च्या नोव्हेंबरात वसगडेला ऊसदराच्या आंदोलनात गोळीबार झाला, एक शेतकरी गेला, तेव्हा "कायदा हातात घेतला तर गोळी बसणारच" असं म्हणणारा माणूस आपल्या भागात मला तरी भेटला नाही, आणि हीच माणसं टीव्हीवर दुसऱ्या कुठल्या राज्यातलं, दुसऱ्या कुठल्या समाजाचं आंदोलन बघून म्हणतात की दोन गोळ्या घातल्या की सुतासारखे सरळ येतील. ७ जून २०२३ ला आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी चौकात दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर सगळं झालं, नेट बंद झालं, आणि नेट सुरू झाल्यावर माझ्या फोनवर एका ग्रुपमध्ये पोलिसांनी पोरांना विनाकारण झोडपलं आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये पोलीस मुद्दाम उशिरा हलले. दोन्ही ग्रुपमध्ये माझी ओळखीची, शहाणी, मिसळीला एकत्र बसणारी माणसं.

तर घरी एक करून बघा. बातमी वाचताना कोण होते, कुठल्या समाजाचे, कुठल्या झेंड्याचे, ते शब्द पेननं काळे करा आणि मग बाबा आणि दादा दोघांनाही वाचायला द्या. माणूस ताब्यात होता का, हात मोकळे होते का, पळत होता का धावून येत होता, सूचना दिली होती का, मार कमरेखाली होता का डोक्यात. आधी एवढ्यावर मत द्यायचं, मग काळं केलेलं वाचायचं. मी माझ्या जावयाबरोबर हे केलंय, आमचं अर्ध्याहून जास्त जमलं. उरलेल्यावर भांडा की खुशाल, ते भांडण खरं असतं.

प्रश्न: मॅडम मी विद्यापीठात राज्यशास्त्र एमए करतोय, राजकीय विचार आणि पोलिसांच्या बळाचा वापर यावर प्रोजेक्ट आहे, गाईड म्हणाले शंभर लोकांचे फॉर्म भरून आण. प्रश्न काय विचारू म्हणजे खरं उत्तर मिळेल?

उत्तर: "पोलिसांनी बळाचा वापर करावा का" असा प्रश्न अजिबात विचारू नकोस, वर सांगितलं तेच होणार. प्रसंग लिही, चार ओळींचा, आपल्या इथला: विसर्जन मिरवणूक, साउंड बंद करायला सांगितलं, पोरं ऐकेनात, पोलिसांनी लाठी चालवली. शंभरातल्या पन्नास फॉर्मवर एक मंडळ आणि पन्नासवर दुसऱ्या वस्तीतलं मंडळ, बाकी अक्षर न् अक्षर तेच ठेव, आणि कुणाला कुठला फॉर्म द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरव, तुझ्या मनानं नको. जो फरक निघेल तोच तुझा प्रोजेक्ट. विचारसरणी विचारताना डावे का उजवे असं विचारलंस तर निम्मे लोक तुझ्याकडं बघत बसतील, त्यापेक्षा मत कुणाला देता आणि "शिस्त महत्त्वाची का मोकळीक" असल्या साध्या दोन तीन गोष्टी विचार. आणि शेवटी एक नक्की विचार: तुम्हाला किंवा घरच्या कुणाला कधी पोलिसांनी मारलंय का. हा प्रश्न लोक विसरतात आणि सगळ्यात जास्त कामाचा तोच असतो.

भारतातलं वाचायचं असेल तर कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांचे पोलिसांवरचे अहवाल आहेत, २०१८ पासूनचे, २०१८ चा सामान्य लोकांच्या मतांचा आणि २०१९ चा खुद्द पोलिसांच्या मतांचा. दोन्ही शेजारी ठेवून वाच.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर पोलीस शिपाई आहेत, आम्ही पोलीस लाइनीत राहतो. माझ्या मुलाला शाळेत पोरं म्हणाली तुझा बाप लोकांना मारतो. यांना बंदोबस्तात दगड लागून डोक्याला सात टाके पडले तेव्हा कोण विचारायला आलं नाही. सगळे आम्हालाच नावं ठेवतात, आणि एन्काउंटर झाला की आम्हालाच देव करतात. आम्ही नक्की काय आहोत ते तुम्हीच सांगा.

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून दिवसभर तेच डोक्यात होतं. मुलाला सांगा की त्याचा बाप बंदोबस्ताला जातो म्हणून बाकीच्यांच्या पोरांना मिरवणूक बघायला मिळते, आणि हे मी मनापासून लिहितेय. २०१९ च्या पुरात आपल्याकडं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले खाकी कपडे मी विसरलेली नाही.

वरच्या उत्तरात सांगितलेल्या २०१९ च्या पोलिसांवरच्या अहवालात आलंय की पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास ड्युटी करतात, निम्म्यांना आठवड्याची सुट्टी नाही. त्याच अहवालात हेही आलंय की दर चार पोलिसांतल्या तिघांना गुन्हेगाराशी हिंसेनं वागणं योग्य वाटतं. मला या दोन आकड्यांमध्ये नातं दिसतं, चौदा तास उन्हात उभा राहिलेल्या, जेवायला न मिळालेल्या, वरून साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाच्या हातात आपण काठी देतो आणि वर म्हणतो की तोलून मार. त्याला तपासाला वेळ नाही, माणूस नाही, लॅबचा रिपोर्ट महिनोन् महिने येत नाही, आणि उद्या सकाळपर्यंत चोर पाहिजे. मग चटकन हाताशी काय येतं, पट्टा. हे समर्थन म्हणून लिहीत नाही, कारण म्हणून लिहितेय, आणि हे कारण दूर करायचं काम सरकारचं आहे. प्रकाश सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच सांगितलंय की तपास आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा, बदल्यांत पुढाऱ्यांचा हात नको, तक्रारीसाठी स्वतंत्र प्राधिकरण करा. जे पुढारी एन्काउंटरनंतर तुमच्या मिस्टरांना देव करतात त्यांना या निकालाचं काय केलं ते विचारायला पाहिजे.

आणि एक, तुम्ही घरच्या म्हणून सांगते. जागेवर दिलेला ऑर्डर तोंडी असतो आणि चौकशी लागते तेव्हा नाव शिपायाचं येतं. सांगलीच्या केसमध्ये फौजदाराबरोबर शिपाईही आत गेले ते आठवा. मिस्टरांना म्हणा, जमाव पांगवायचा असेल तर आधी स्पीकरवर सूचना झाली का, हुकूम कुणी दिला, किती वाजता, हे स्टेशन डायरीत आलंय ना बघा. छातीवरची नावाची पट्टी काढायची नाही, कुणीही सांगितलं तरी. ती पट्टी अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट दिसली पाहिजे हे डी. के. बसू केसमध्ये १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, आणि सरळ वागणाऱ्या पोलिसाला तीच वाचवते, कारण मग दुसऱ्यानं मारलेलं त्याच्या नावावर येत नाही.

सात टाक्यांचं कुणी विचारायला आलं नाही हे आपल्या गावाला शोभणारं नाही. आता कशी आहे जखम? पुढच्या पत्रात कळवा.

प्रश्न: फुटबॉलची मॅच सुटल्यावर स्टेडियमबाहेर दोन तालमींच्या पोरांत राडा झाला, त्यात माझ्या पोराला उचललं. वय सतरा. रात्रभर ठेवला, पाठीवर आणि मांडीवर वळ आहेत, सकाळी सोडला, कागद काही नाही. शेजारचे म्हणतात गप बसा, चार फटके पडले तर पोरगं सुधारेल, आमच्या वेळी मास्तर पण मारायचे. माझे दीर म्हणतात पोलिसांच्या विरोधात गेलीस तर आपल्या पक्षाचं नाव खराब होईल. मी काय करू?

उत्तर: शेजाऱ्यांचं मत तुमच्या पोराबद्दल नाहीच, त्यांच्या मनात "टवाळ पोरं" नावाचं एक चित्र आहे आणि तुमचं पोरगं त्या रात्री त्यात सापडलं. त्यांच्यातल्या कुणाचं पोरगं दुसऱ्या दिवशी असं वळ घेऊन आलं तर पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील. दिरांना म्हणा पक्ष राहू द्या बाजूला, हा पोरगा घरचा आहे. त्यानं मारामारी केली असेल तर त्याची चौकशी होऊ दे, ती टाळायला मी सांगणार नाही.

पण कायदा या बाबतीत एकदम साफ आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे त्याला धरलं तर आईबापाला लगेच कळवायचं आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. मारायचा तर प्रश्नच नाही, मोठ्या माणसालाही कबुलीसाठी मारलं तर तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

आज हे वाचताय तर आजच सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, जा आणि एमएलसी करून घ्या, म्हणजे जखमांची कायदेशीर नोंद, डॉक्टरांना म्हणा वळाची लांबी आणि रंग लिहा, कारण वळ चार दिवसांत पिवळे पडतात आणि मग कुणीच मानत नाही. घरी उजेडात फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. मग एसपी साहेबांच्या नावानं साधा अर्ज लिहा, कधी नेलं, कधी सोडलं, कुठं ठेवलं, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. अर्जात एक वाक्य नक्की घाला की त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलेत, लॉकअपमध्ये, कॉरिडॉरमध्ये सगळीकडं, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचंय. लेखी मागितलं की ते पुसलं गेल्याची जबाबदारी कुणावर तरी येते. तिथं दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवाधिकार आयोग आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याच गावात बसतंय, आधी असल्या अर्जासाठी मुंबईची गाडी धरायला लागायची आणि निम्मी माणसं तिथंच गळायची. वकिलाच्या पैशाची काळजी करू नका, बाई आणि मूल दोघांनाही उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयात जाऊन विचारायचं.

पोराला मात्र आधी जवळ बसवा आणि काय झालं ते त्याच्या शब्दांत, मध्ये न बोलता ऐका. सतरा वर्षांचा पोरगा वडिलांसमोर सांगत नाही, आईसमोर सांगेल. ऐकता ऐकता वहीत लिहून घ्या, तारीख घाला. आणि त्या रात्री त्याच्या अंगात जो टी-शर्ट होता तो अजून धुतला नसेल तर धुऊ नका, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवा.